शिनकावातील भूक: पाळक तोयोहिको कागावा यांच्या पन्नास वर्षांच्या कामाचा प्रकरण अभ्यास

२४ डिसेंबर १९०९ रोजी जपानमधल्या कोबे येथील ख्रिस्ती धर्मशास्त्र विद्यालयात शिकणारे एकवीस वर्षांचे तोयोहिको कागावा हातगाडीवर सामान लादून शहरातल्या शिनकावा वस्तीत राहायला गेले. त्यांना क्षय होता आणि आयुष्य फार उरलेले नाही अशी त्यांची समजूत होती. जेवढे दिवस मिळतील तेवढे गरिबांत काढावेत, असा सरळ विचार त्यामागे होता. प्रत्यक्षात ते १९६० पर्यंत जगले. भुकेल्यांसाठी त्यांनी जे जे करून पाहिले त्यातले काही फसले, काही अर्धवट राहिले आणि काही आजही चालू आहे. कोणते का टिकले आणि कोणते का बुडाले, हा या अभ्यासाचा विषय आहे. अन्नदानाच्या कामात असलेल्या प्रत्येक मंडळीने (चर्चने) आणि संस्थेने हे प्रकरण बारकाईने पाहावे असे आम्हाला मनापासून वाटते.

वस्तीतली भूक कुठून येत होती

शिनकावा म्हणजे एकाला एक लागून असलेल्या बुटक्या चाळी. बऱ्याच खोल्या दोन किंवा तीन तातामींच्या, म्हणजे जमिनीवर अंथरायच्या गवती चटयांच्या मापाच्या होत्या. एक तातामी साधारण पावणेदोन चौरस मीटर धरली, तर तीन तातामींच्या खोलीचे क्षेत्रफळ जेमतेम पाच चौरस मीटर होते. त्यात पूर्ण कुटुंब राहायचे. नळ आणि संडास सामाईक असत. कागावांना जागा स्वस्तात मिळाली, कारण त्या घरात खून झाला होता आणि तिथे भूत आहे या समजुतीने कोणी राहायला तयार नव्हते.

कोबे हे भरभराटीला आलेले बंदर होते. तांदूळ शहरात भरपूर होता. तरीही या वस्तीत लोक उपाशी राहत, याचे कारण मजुरी हातात पडल्यापासून ताटात अन्न पडेपर्यंतच्या वाटेवर होते. गोदीतले काम रोजंदारीचे. पाऊस पडला किंवा जहाज उशिरा आले की त्या दिवशी चूल बंद. महिन्याचे भाडे एकरकमी देण्याची ऐपत नसल्याने खोलीचे भाडे रोजच्या रोज द्यायचे, आणि रोजचे भाडे महिन्याच्या हिशेबाने नेहमी महाग पडते. अंथरूण-पांघरूणसुद्धा रात्रीच्या भाड्याने आणायचे. तांदूळ, कोळसा, मीठ हे सगळे चिमूटभर मापाने घ्यायचे, म्हणजे किरकोळीतला सर्वांत चढा भाव गरिबाच्या वाट्याला. एखादा आजारी पडला की कपडे गहाण, आणि गहाण सोडवताना व्याज. कमाई मुळात कमी, आणि त्या कमाईला पाच ठिकाणी गळती.

ही गळती ओळखणे महत्त्वाचे, कारण वाटलेली पेज यातले एकही छिद्र बुजवत नाही. ती त्या दिवसाची भूक भागवते. तेही मोठे काम आहे, आणि कागावांनी ते कधीच हलके मानले नाही.

पहिला टप्पा: घरातच वाढलेले ताट

सुरुवातीला कागावांजवळ विद्यालयाची तुटपुंजी शिष्यवृत्ती आणि काही मिशनरींची मदत एवढेच होते. एका माणसाच्या पैशात त्यांनी आजारी, बेघर आणि तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना घरात घेतले. मग सगळ्यांनीच पातळ पेजेवर भागवायचे. एकाच खोलीत, एकाच पांघरुणात झोपल्यामुळे त्यांना ट्रॅकोमा हा डोळ्यांचा संसर्ग जडला आणि त्याने आयुष्यभर दृष्टीला त्रास दिला. पैसे मागायला आलेल्या गुंडांनी मारहाण केली, त्यात समोरचे दात गेले.

या काळातला सर्वांत भीषण प्रकार पोसायला घेतलेल्या तान्ह्या बाळांचा होता. नको असलेले मूल थोड्या रकमेसह कोणाकडे तरी सोपवले जाई. रकमेच्या गरजेपोटी ते कुटुंब मूल घेई, थोडे पैसे ठेवून घेई आणि उरलेल्या पैशांसह मूल पुढच्याकडे देई. हात बदलत जाई तशी रक्कम घटत जाई. शेवटी ज्याच्याकडे बाळ उरे त्याच्याकडे दूध घ्यायला पैसे नसत, म्हणून बाळाला पेजेचे पाणी मिळे.

बाळ याने का मरते, हे आकड्यांत पाहावे. एक भाग तांदूळ आणि दहा भाग पाणी अशा पातळ पेजेत १०० ग्रॅमला सुमारे ३५ किलोकॅलरी असतात. पाच किलो वजनाच्या बाळाला दिवसाला अंदाजे ५०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ १.४ लिटर पेज. त्या वजनाचे बाळ दिवसभरात पाऊण लिटरच्या आसपासच पिऊ शकते. पोट भरलेले दिसते, बाळ झोपते, आणि शरीराला निम्मीच ऊर्जा मिळते. प्रथिनांचीही तीच गत. तेवढ्याच मापाच्या दुधातून ऊर्जेची गरज पुरी होते. म्हणून तान्ह्यांसाठी पेजेची व्यवस्था म्हणजे मदत, असे कधीही समजू नये. त्यांच्यासाठी दूधच हवे, आणि तेही स्वच्छ पाण्याने व उकळलेल्या भांड्यातून. कागावांनी अशी बाळे पुरली. एका बाळाला तर स्वतःच्या खोलीत आणून रात्ररात्र जागून जगवण्याची धडपड केली. गर्भपात, अनौरस जन्म आणि दारिद्र्य यांची गाठ त्यांना इथे समजली. ते स्वतः एका विवाहबाह्य नात्यातून जन्मलेले आणि लहानपणीच पोरके झालेले होते.

१९१२ मध्ये त्यांनी वस्तीत स्वस्त जेवणाची खानावळ काढली. तिचे नाव ‘स्वर्गाचे दुकान’ अशा अर्थाचे होते. हेतू उत्तम होता: भीक म्हणून न देता, परवडेल अशा दरात गरम जेवण द्यायचे. काही महिन्यांतच ती बंद पडली. लोक उधारीवर जेवत, उधारी बुडे, दारू पिऊन आलेले भांडण काढत, आणि फुकट जेवणाऱ्याला नाही म्हणायचे धैर्य पाळकाच्या दुकानात कोणालाच होत नसे.

या अपयशाचे कारण लोकांच्या बेइमानीत शोधले जाते. आम्हाला ते पटत नाही. खानावळीच्या रचनेतच दोष होता. धर्मादाय स्वयंपाकघर आणि विक्रीचे दुकान यांचे नियम वेगळे असतात. स्वयंपाकघरात खर्च देणगीतून येतो आणि तो रोज ठरलेला असतो: इतकी माणसे, इतका तांदूळ, संपले की संपले. दुकानात आजच्या गल्ल्यातून उद्याचा माल घ्यायचा असतो, त्यामुळे पहिल्या दिवसाची बुडालेली उधारी तिसऱ्या दिवशी भांड्यात कमी तांदूळ म्हणून दिसते. दोन्ही एका छपराखाली ठेवले की गिऱ्हाईक याला दान समजते आणि चालक व्यापार समजतो. ज्यांना असे काही करायचे असेल त्यांनी दोन खिडक्या वेगळ्या ठेवाव्यात, दोन वह्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि पैसे देणाऱ्याला मिळणाऱ्या जेवणात व फुकट मिळणाऱ्या जेवणात वाढपात फरक करू नये. अमेरिकेहून परतल्यावर काढलेला टूथब्रशचा छोटा कारखानाही असाच चालला नाही. रोजगार द्यायचा हेतू पक्का होता, पण माल विकायचा कुठे याची व्यवस्था कच्ची होती.

हारू शिबा यांच्याविषयी इथे लिहायलाच हवे. छापखान्यातल्या पुस्तकबांधणीच्या खात्यात काम करणाऱ्या या तरुणीशी कागावांचे १९१३ मध्ये लग्न झाले. वस्तीतली रोजची शुश्रूषा, कपडे धुणे, बायकांशी बोलणे, हिशेब हे सगळे पुढे त्यांच्यावरच पडले. ट्रॅकोमाने त्यांनाही गाठले आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. पाळकाच्या कामाची चर्चा करताना पाळकाच्या पत्नीचे काम नावानिशी न सांगण्याची जी सवय आहे, ती या प्रकरणात सर्वस्वी अन्यायाची ठरेल.

मोजून पाहणे, मग बाहेर पडणे

कागावा राहत तिथेच नोंदी करत: कोण काय कमावतो, भाडे किती, कर्ज किती, मुले किती जगली. त्यातून १९१५ मध्ये गरिबांच्या मानसिकतेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. १९१४ ते १९१६ या काळात ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे शिकत होते. त्याच मुक्कामात न्यूयॉर्कमध्ये शिवणकामगारांचा प्रचंड मोर्चा त्यांनी पाहिला आणि संघटनेशिवाय मजुरी वाढत नाही, हे त्यांच्या मनात पक्के झाले. १९१७ मध्ये ते शिनकावात परतले.

१९१८ च्या उन्हाळ्यात तांदळाच्या दंगली झाल्या. युद्धकाळातली भाववाढ, साठेबाजी आणि सैबेरियात सैन्य पाठवण्याची बातमी यांमुळे तांदळाचा भाव वर्ष-दीड वर्षात दुपटीहून अधिक झाला. तोयामा प्रांतातल्या कोळी बायकांनी तांदूळ बाहेर जाऊ देण्यास विरोध केला आणि वणवा देशभर पसरला. कोबेत ऑगस्टमध्ये जमावाने सुझुकी या बड्या व्यापारी पेढीची कचेरी जाळली. सप्टेंबरात मंत्रिमंडळ गेले. शिनकावात जी गळती दिसत होती तीच आता नोकरदार, कारागीर, गिरणीकामगार यांच्या घरात शिरली होती. तांदळाचा भाव दुप्पट झाला की काल गरीब नसलेला माणूस आज गरीब होतो.

नासु यांचे पैसे

संपूर्ण प्रकरणातला निर्णायक प्रसंग इथे आहे. झेंजी नासु या व्यावसायिकाने पहिल्या महायुद्धाच्या तेजीत बरीच संपत्ती कमावली होती आणि ती समाजासाठी लावावी अशी त्यांची इच्छा होती. उद्योगपती हाचिसाबुरो हिराओ यांनी त्यांना कागावांना भेटायला सांगितले. पाळकाकडे कोणी पैसे घेऊन आला तर अन्नछत्र किंवा अनाथाश्रम एवढेच सुचेल असे वाटते. कागावांनी दानधर्म वाढवण्याऐवजी ग्राहकांची सहकारी खरेदी संस्था काढण्याचा सल्ला दिला. १९२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोबे खरेदी संघ आणि नादा खरेदी संघ अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. नासु नादा संघाचे पहिले अध्यक्ष झाले.

काम चालवण्याची रीत १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या अठ्ठावीस कामगारांनी घालून दिलेली होती. जपानमध्ये सहकारी संस्थांचा कायदा १९०० पासूनच अस्तित्वात होता, त्यामुळे नोंदणीची वाट मोकळी होती. सभासद ठरावीक रकमेचा भाग (शेअर) घेतो. भाग कितीही असले तरी मत एकच. माल घाऊक घ्यायचा, पुऱ्या वजनाने आणि भेसळ न करता विकायचा, भाव बाजारभावाच्या आसपासच ठेवायचा. बाजारभावापेक्षा फार कमी भाव लावण्याचा मोह नव्या संस्थांना हमखास होतो. तो टाळावा, कारण मग खर्च, तूट आणि खराब झालेला माल भरून काढायला काहीच उरत नाही आणि शेजारचे दुकानदारही पहिल्याच महिन्यात भाव पाडून गळा धरतात. वर्षअखेरीस उरलेल्या रकमेतून आधी राखीव निधी, मग भागावर मर्यादित व्याज आणि राहिलेले ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. समजा एका घराने वर्षभरात २०० येनची खरेदी केली आणि परतावा शेकडा तीन ठरला, तर सहा येन हातात येतात. रोज चिमटीने निसटणारा पैसा वर्षाच्या शेवटी एकत्र परत येतो. मजुराच्या घरात एकरकमी पैसा येण्याचा बहुधा हा एकमेव प्रसंग असे.

संघाचे कर्मचारी घरोघर जाऊन मालाची मागणी टिपून घेत आणि पोचवत. १९२४ मध्ये सभासद घरांतल्या बायकांची मंडळे सुरू झाली. स्वयंपाक, पोषण, घरखर्चाची वही यांचे शिक्षण तिथे मिळे, आणि कोणता माल वाईट निघाला हेही तिथेच कळे. ज्या संस्थेत खरेदी करणाऱ्या बायकांना बोलायला जागा नसते तिथे गोदामात नको तो माल साठतो, म्हणून या मंडळांचे महत्त्व आम्ही कोणत्याही भांडवलापेक्षा कमी मानत नाही.

अशा भांडाराला मारणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. उधारी ही पहिली. संप किंवा टाळेबंदी झाली की सभासदांची कमाई एकाच वेळी थांबते आणि सगळी उधारी एकाच आठवड्यात अडकते. १९२१ च्या उन्हाळ्यातच कोबेच्या कावासाकी आणि मित्सुबिशी गोद्यांत सुमारे ३०,००० कामगारांचा संप झाला, कागावा त्याच्या नेतृत्वात होते, त्यांना अटक झाली आणि ऑगस्टमध्ये संप फसला. दुसरी, नाशवंत मालाचा अंदाज चुकणे. तिसरी, राखीव निधी न ठेवता पहिल्याच वर्षी मोठा परतावा वाटून वाहवा मिळवणे.

एक मर्यादा स्पष्ट लिहायला हवी, कारण सहकाराचे कौतुक करणारे ती सहसा गाळतात. ग्राहक भांडार सर्वांत तळाच्या माणसापर्यंत पोचत नाही. ज्याच्याकडे उद्याचे भाडे नाही तो भाग कुठून विकत घेणार? भांडार त्याच्या एक पायरी वरच्या माणसाला खाली पडण्यापासून वाचवते. तळाच्या माणसाला पेज, दवाखाना आणि घर हेच लागते. कागावांना हे ठाऊक होते. भांडार निघाले म्हणून त्यांनी शिनकावातला दवाखाना आणि शुश्रूषा बंद केली नाही. गलिच्छ वस्त्यांच्या सुधारणेसाठी ते सरकारकडे तगादा लावत राहिले, आणि १९२७ मध्ये निकृष्ट घरांच्या वस्त्या सुधारण्याचा कायदा झाला.

खेडे, भूकंप, गहाणवट

वस्तीत येणारी माणसे खेड्यांतून येत होती. कुळाला भाताच्या पिकातला जवळजवळ निम्मा हिस्सा खंड म्हणून मालकाला द्यावा लागे. एप्रिल १९२२ मध्ये कागावा आणि मोतोजिरो सुगियामा यांनी कोबेत जपान शेतकरी संघाची स्थापना केली. सुगियामाही पाळक होते. पुढे कागावांनी शेतकऱ्यांसाठी निवासी शाळा चालवली. उतारावर भाताच्या जोडीला अक्रोड, चेस्टनट यांसारखी झाडे लावा, खाली जनावरे पाळा, म्हणजे थंडीने भात गेला तरी घरात खायला काही राहील, असे ते शिकवत. डोंगराळ देशासाठी हा सल्ला पक्का व्यवहारी होता. अक्रोडाला फळ धरायला मात्र वर्षे लागतात. आज उपाशी असलेल्या शेतकऱ्याला तेवढी वर्षे थांबता यावे म्हणून सोबत शेळी, कोंबडी, मध यांची जोड द्यावी लागते.

१ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो आणि योकोहामा भूकंप व आगीने उद्ध्वस्त झाले. बातमी कळताच कागावा जहाजाने निघाले, पाहणी करून परतले, निधी व अंथरूण-पांघरूण गोळा केले आणि होंजो या सर्वांत होरपळलेल्या गरीब भागात तंबू टाकून राहिले. पहिल्या महिन्यांत दूध, पांघरूण आणि औषधोपचार हे काम होते. त्यानंतर जे त्यांनी केले ते जास्त शिकण्यासारखे आहे. आपत्तीनंतर गरिबाचा पैसा सर्वांत वेगाने गहाणवटीत जातो: कारागीर हत्यारे गहाण ठेवतो आणि हत्यारांशिवाय कमवू शकत नाही. १९२८ मध्ये त्या भागात नाकानोगो येथे गहाणवट आणि पत यांची सहकारी संस्था निघाली. वस्तू ठेवून घेणारा आणि कर्ज काढणारा दोघेही एकाच संस्थेचे सभासद. व्याज माफक, आणि त्यातून उरले तेही सभासदांचेच. १९३२ मध्ये विचारवंत व मुत्सद्दी इनाझो नितोबे यांच्या अध्यक्षतेखाली टोकियोत वैद्यकीय सहकारी संस्थेला मान्यता मिळाली. आजारपणामुळे घर बुडते, ही शिनकावातली नोंद तिथे उपयोगी आली.

पैसा कुठून आला, आणि काय टिकले

१९२० मध्ये प्रसिद्ध झालेली कागावांची आत्मकथनपर कादंबरी प्रचंड खपली. मानधन त्यांनी संप, संघटना, वस्तीतले काम यांत घातले, आणि पुढेही पुस्तके व व्याख्याने हाच मोठा स्रोत राहिला. एका माणसाच्या लेखणीवर चालणारे काम त्या माणसाच्या तब्येतीवर चालते.

सगळ्या उपक्रमांचा हिशेब मांडला तर एक गोष्ट ठळक दिसते. जिथे बाहेरचा पैसा रोजच्या खर्चाला लागत होता, ती खानावळ आणि तो कारखाना बंद पडले. जिथे बाहेरचा पैसा किंवा पाठबळ फक्त सुरुवातीला लागले आणि नंतर सभासदांचे भाग, खरेदी आणि ठेवी यांवर काम चालले, ते टिकले. नाकानोगोची पतसंस्था आजही आहे. वैद्यकीय संस्थेचे रुग्णालय टोकियोत नाकानो येथे आजही चालते. कोबे आणि नादा हे संघ १९६२ मध्ये एक झाले आणि १९९१ पासून त्यांचे नाव को-ऑप कोबे आहे. सभासद सोळा लाखांहून अधिक आहेत.

गालबोट

१९१५ च्या त्या ग्रंथात कागावांनी जपानमध्ये पिढ्यान्पिढ्या अस्पृश्यासारख्या वागवल्या गेलेल्या बुराकू समाजाविषयी वंशभेदाच्या जातकुळीची, अपमानकारक मते मांडली. ज्यांच्या शेजारी राहिले, ज्यांची मढी उचलली, त्यांच्याच एका भागाला त्यांनी जन्माने हीन ठरवण्याची भाषा वापरली. बुराकू मुक्ती चळवळीने त्यावर कठोर टीका केली आणि जपानमधल्या मंडळ्यांनाही नंतर त्याची दखल घ्यावी लागली. सेवा करणारा माणूस आपल्या काळाच्या पूर्वग्रहांतून आपोआप मुक्त होत नाही. नोंदी करणाऱ्याने निष्कर्ष ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्यासमोर वाचून दाखवले असते तर हे पान छापलेच गेले नसते, असे आमचे मत आहे. युद्धकाळातली त्यांची भूमिकाही एकसारखी राहिली नाही. १९४० मध्ये शांततेच्या विचारांमुळे त्यांना लष्करी पोलिसांनी पकडले, आणि पुढे याच कागावांनी नभोवाणीवरून अमेरिकेविरुद्ध भाषणे केली.

१९९५

भुकेला उत्तर देणारी व्यवस्था आधी बांधून ठेवलेली असावी लागते, याचा पुरावा कोबेतच मिळाला. १९८० मध्ये या ग्राहक संस्थेने कोबे महापालिकेशी आणीबाणीत जीवनावश्यक वस्तू पुरवण्याचा करार केला होता. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात संस्थेचे मुख्यालय कोसळले. तरीही अनेक दुकानांनी त्याच दिवशी, काहींनी दुकानासमोरच्या उघड्या जागेत, विक्री सुरू केली, आणि करारानुसार महापालिकेला माल मिळू लागला. त्यासाठी नवा निधी, नवी समिती किंवा नवे आवाहन काहीच लागले नाही: गोदामे, गाड्या, कर्मचारी आणि मालाचे पुरवठादार १९२१ पासून रोजच्या किराण्यासाठी कामाला लागलेलेच होते.